मदत हवी आहे: गावच्या तलावात पॅडलबोर्डवर योगासनं, सुरुवात कशी करू?

झाडीपट्टीवाली:
नमस्कार मंडळी. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. सकाळी समाजमंदिरात बायकांचा योगवर्ग घेते, त्यामुळे आसनं अंगवळणी पडलेली आहेत. भाच्याची बदली झाली आणि त्याचा हवा भरायचा पॅडलबोर्ड, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची लांब फळी, तो आमच्याकडे ठेवून गेला. "मावशी, तुमच्याकडे एवढे तलाव आहेत, तूच वापर," म्हणाला. बोर्ड १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद. सोबत वल्हं, खाली लावायचं फिन, पायाला बांधायची दोरी आणि हातपंप आहे. लाइफ जॅकेट नाही.

पहिलं अडलंय ते हवेपाशीच. घाम निघेस्तोवर पंप मारला तरी काटा शून्यावरच, आणि नळी काढली की सगळी हवा फुस्स! चौकातल्या पंक्चरवाल्याकडून भरून आणू का?

दुसरं, पाणी कुठलं? गावाला लागून मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला गावतलाव आहे, पाणी अगदी संथ. पण एका अंगाला शिंगाडा लावलाय आणि मच्छीमार सोसायटीची जाळी असतात. नाहीतर इटियाडोह धरण आहे, तिथे मोकळंच मोकळं.

पोहायला लहानपणी शिकले, आता दम लागतो. वीरभद्रासन, वृक्षासन, शीर्षासन जमिनीवर पक्कं आहे. पाण्यावर कशापासून सुरू करू? आणि कपडे काय घालू? पाळेवर सगळं गाव जमणार हे धरूनच सांगा.

मालवणी_वल्हं:
ताई, पंक्चरवाल्याकडे अजिबात नेऊ नका. त्याचं नोझल या व्हॉल्व्हला बसत नाही. जुगाड करून बसवलंच, तरी कॉम्प्रेसरचा जोर शिवण उसवेल. व्हॉल्व्हचं झाकण उघडून आत बघा, मधोमध एक छोटी पिन दिसेल. ती खाली दबलेली असणार, म्हणून हवा राहत नाही. बोटाने दाबून थोडी फिरवा, टक्कन वर येईल. पिन वर असली की हवा आत जाते, बाहेर येत नाही. काटा सुरुवातीला हलतच नाही, बोर्ड बऱ्यापैकी ताठ झाला की मग हलायला लागतो. १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतात, पण बोर्डावर छापलेला आकडा शेवटचा. हवा कमी पडली तर गुडघा टेकला तिथे बोर्ड खचतो. शेवटी पंप जड जातोच. दांडा ओढताना आणि दाबताना दोन्ही वेळा हवा जात असेल, तर बटण फिरवून फक्त दाबतानाची ठेवा. आणि भरलेला बोर्ड तुमच्याकडच्या उन्हात काठावर टाकून जाऊ नका. आतली हवा तापून फुगते.

आता आसनं. पाण्यावर जायच्या आधी समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीने ३२ इंचांचा पट्टा आखा आणि तुमचा नेहमीचा क्रम त्यात बसवून बघा. वीरभद्रासनात मागचं पाऊल हमखास रेघेबाहेर जाईल. पाण्यावर ते तसं जाऊन चालत नाही, म्हणून पवित्रा आखूड ठेवायचा.

बोर्डाच्या मधे उचलायची मूठ असते, तोल तिथेच असतो. वल्हं पुढच्या इलॅस्टिकखाली खोचा आणि गुडघ्यांवर बसा. बालासन, मग मार्जारासन. अधोमुख श्वानासन दिसायला अवघड, पण हातपाय चारही टेकलेले असल्यामुळे उभ्या आसनांपेक्षा सोपं जातं. भुजंगासन, सेतुबंधही लवकर जमतात. उभं राहताना अश्वसंचालनातून या, पावलं स्थिर होईपर्यंत हात बोर्डावरून उचलू नका. नजर काठावरच्या एखाद्या झाडावर ठेवा, पाण्याकडे पाहिलंत की गेलात. डगमगलं की गुडघे वाकवा आणि श्वास चालू ठेवा. शिकलेली माणसंही इथे श्वास रोखतात आणि पायाची बोटं आवळून बसतात. वृक्षासन नंतर कधीतरी. शीर्षासन नको. मान मोडायला पाण्याखालचा एक दगड पुरतो.

पडणार तर आहातच. बोर्डापासून लांब, बाजूला, पसरट पडा, सूर मारू नका. परत चढताना मधल्या मुठीला धरा, पाय मागे पाण्याच्या पातळीला आणा आणि लाथा मारत पोट बोर्डावर ओढा. योग नंतर, आधी हे शिका.

पाळेवरचा:
आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, म्हणून सांगतो ताई. मालगुजारी तलाव दिसतो तेवढा भोळा नसते. शिंगाड्याच्या काट्यावर उघडा पाय पडला की आठवडाभर लंगडत राहाल. त्याच्या वेलीत तुमचं ते फिनही अडकते. पाळेजवळ पाणी छातीएवढं वाटते, पण खाली गाळ असते, पाय रोवला की निघत नाही. पडल्यावर उभं राहायला जाऊच नका, बोर्डाला धरून राहा. पाणी सोडायच्या तुडुमाकडे तर फिरकूच नका, पाणी सोडलेलं असलं की तिथे ओढ असते. सोसायटीच्या अध्यक्षांना आधी भेटा. तलाव त्यांनी ठेक्याने घेतलेला असते, जाळं फाटलं तर भांडण होते. ते स्वतःच तुम्हाला जाळी नसलेली जागा दाखवतील, डोंग्यातून एक पोरगाही सोबत देतील.

इटियाडोह एकटीसाठी नकोच. काठावरून आत वारा वाहायला लागला की बोर्ड मधात जाते आणि वल्हवत परत येणं तुमच्याने होणार नाही. शिवाय पाटबंधारेवाल्यांची परवानगी लागते.

संत्रानगरी:
बाप्पा! नवेगावबांधला का नाही जात? तिथे तर सारी दुनिया येते.

पाळेवरचा:
@संत्रानगरी, भाऊ, तिथे वनखातं आहे. विचारल्याशिवाय बोर्ड टाकला तर आसन चौकीत करा लागेल. एकदा सरावापुरतंच जायचं असलं तर रामटेकजवळ खिंडसीला बोटिंग चालते, तिथे जॅकेट घातलेली माणसं आजूबाजूला असतात. स्वतःचा बोर्ड चालते का ते आधी विचारून घ्या.

मालवणी_वल्हं:
कपड्यांचं राहिलं. ओढणी नाही, सैल सलवारही नाही, पाणी प्यायली की पायात गुंतते. लेगिंग आणि लांब बाह्यांचा नायलॉनचा टीशर्ट घाला, पाळेवर आजेसासूबाई बसल्या तरी चालेल. लाइफ जॅकेट मात्र घ्याच, आणि अंगाला घट्ट बसतं का ते बघून घ्या. ते घालून पोटावरची आसनं नीट होत नाहीत, नाही झाली तर नाही.

झाडीपट्टीवाली:
पिन खरंच खाली होती! दाबली, फिरवली, वर आली. बोर्ड आता पाटासारखा टणक झालाय. अध्यक्षभाऊंनाही भेटून आले. शिंगाड्याच्या समोरचा कोपरा देतो म्हणाले, सोबत त्यांचा पुतण्या डोंग्यात राहील. एकच शंका: बोर्ड सरकत राहू नये म्हणून दोरीला दगड बांधून सोडू का?

मालवणी_वल्हं:
दगड निसटतो. जाड पिशवीत तीन-चार किलो रेती भरा, तोंड घट्ट बांधा आणि दोरी बोर्डाच्या पुढच्या कडीला लावा. दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा बरीच लांब ठेवा, नाहीतर पिशवी तळाला धरत नाही. पायाची दोरी वेगळी, ती पायालाच.

पाळेवरचा:
आणि पिशवी वर घेताना हळू ओढा ताई, गाळात रुतलेली असते. झटका दिला की तुम्हीच पाण्यात.