मदत हवी आहे: गोचिडाच्या मायटोकॉन्ड्रियल जीनोममधील दोन नियंत्रक प्रदेश

सह्याद्रीत माकडताप पसरवणाऱ्या हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडाचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम (पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए) मी लहान लांबीच्या सिक्वेन्सिंग रीड्सवरून, म्हणजे वाचलेल्या डीएनए-तुकड्यांवरून, जुळवत आहे. गोचिडांच्या अशा जीनोममध्ये सुमारे १५ हजार बेस-जोड्या आणि ३७ जनुके असतात. इक्सोडिस प्रजातीत जनुकांचा क्रम लिम्युलस (हॉर्सशू क्रॅब) या प्राण्यासारखा, म्हणजे संधिपादांचा मूळचाच, टिकून आहे. हिमाफिसॅलिस ज्यात मोडते त्या मेटास्ट्रिएटा गटात मात्र जनुकांचा एक मोठा तुकडा जागा बदलून गेलेला दिसतो आणि नियंत्रक प्रदेश (जनुके नसलेला, डीएनएच्या प्रती बनण्याचे नियमन करणारा भाग) दोन, तेही जवळजवळ एकसारखे, असतात. हे साम्यच माझ्या मुळावर आले आहे, कारण सॉफ्टवेअर दोन्ही प्रती एकत्र करून टाकते. शेजारच्या जनुकांवर प्रायमर (प्रत काढण्याची सुरुवात ठरवणारे छोटे डीएनए-तुकडे) बेतून लाँग पीसीआर (लांब तुकड्याच्या अनेक प्रती काढणे) करावा, की थेट नॅनोपोर या लांब रीड्स देणाऱ्या सिक्वेन्सिंगकडे वळावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.