मदत हवी आहे: स्टेज सुटलं तरी भाऊ मानायला तयार नाही

आमचा थोरला भाऊ, वय 41, परभणी. दहा-बारा वर्षं बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धा गाजवल्या. गेल्या तीन स्पर्धांत पहिल्या पाचातही नाही. दोष जजचा, लाइटचा, टॅनचा (स्टेजवर अंगाला लावायच्या रंगाचा). चाळिशीपुढच्या मास्टर्स गटात उतर म्हटलं, तर "म्हाताऱ्यांत उभा करता का मला?" म्हणून उठला; सोललेली सहा अंडी तशीच ताटात.

अमेरिकन बॉडीबिल्डर रॉनी कोलमनचं सांगून पाहिलं: 1998 ते 2005 सलग आठदा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगचा जगातला सर्वांत मोठा किताब, 2006 ला जे कटलर नावाच्या गड्यापुढे हरला, पुढच्या वर्षी थेट चौथा. उत्तर आलं, "आठदा जिंकला ना?" घ्या! त्याचे वस्तादही बोलून थकले. जिममध्ये ट्रेनरची नोकरी चालून आली, पण मालक याचाच जुना चेला, म्हणून नको.

बॉडीसाठी इंजेक्शनं घ्यायचा, चार महिन्यांपासून बंद आहेत म्हणतो. तेव्हापासून झोप नाही, चिडचिड, बीपी 150/100. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेत नाही.

पुण्या-मुंबईच्या चकरा परवडणार नाहीत. महिन्यातून एकदा नांदेड किंवा संभाजीनगर जमेल. आधी एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचा डॉक्टर) गाठावा की मानसोपचारतज्ज्ञ? आणि असल्या माणसाला तिथवर न्यायचं तरी काय सांगून?