सबप्रोसेस मॉक करताना: पॅच नेमका कुठे?

दापोलीच्या सोसायटीच्या पायथन बॅकअप स्क्रिप्टबद्दल एकाने विचारलंय, की टेस्टमध्ये सबप्रोसेस.रन (दुसरा प्रोग्राम चालवणारं पायथनचं फंक्शन) पॅच केलं, म्हणजे त्याच्या जागी मॉक (खोटा बदली) बसवला, तरी खरी आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) चालतेच. फाइलीत ‘फ्रॉम सबप्रोसेस इम्पोर्ट रन’ असेल, तर रन हे नाव तुमच्या मॉड्यूलमध्ये आधीच येऊन बसलेलं असतं. पॅच तिथे करा, म्हणजे फाइलीचं नाव बॅकअप असेल तर ‘बॅकअप.रन’वर.

नुसता मॉक परत देऊ नका. त्याचा रिटर्नकोड 0 (म्हणजे काम यशस्वी) नसतो, तोही मॉकच असतो. खरा कम्प्लीटेडप्रोसेस (रन परत देतो तो निकाल) बनवून द्या. कोडमध्ये टेक्स्ट=ट्रू (आउटपुट मजकूर म्हणून मागणं) नसेल, तर एसटीडीआउट (प्रोग्रामचं आउटपुट) कच्च्या बाइट्समध्येच द्या; नाहीतर टेस्ट पास होते आणि सर्व्हरवर स्प्लिट कोसळतं.

सगळ्यात फसवं चेक=ट्रू (रिटर्नकोड 0 नसेल तर एरर उठव, असं रनला सांगणं). मॉक ते पाळत नाही. रिटर्नकोड 23 दिलात तरी एरर उठत नाही. मॉकच्या साइड_इफेक्टमध्ये (बोलावल्यावर काय घडावं ते) ती एरर, कॉल्डप्रोसेसएरर, आपणच द्यावी लागते. आपल्याकडे पावसात नेट मधेच जातं, म्हणून टाइमआउटएक्स्पायर्डचीही (रनला दिलेली वेळ संपल्यावरची एरर) टेस्ट हवीच हवी. आरसिंकचे रिटर्नकोड 30 (डेटा देताघेताना वेळ संपली) आणि 24 (पाठवतानाच मूळ फाइल नाहीशी झाली) वेगळे हाताळा. 24 आला म्हणून अख्खा बॅकअप फसला असं धरणं मला पटत नाही.

ऑटोस्पेकवर (मॉकला खऱ्या फंक्शनसारखेच आर्ग्युमेंट घ्यायला लावणारी सोय) विसंबू नका. रन कुठलाही जादा कीवर्ड स्वीकारतो, त्यामुळे टाइमआउटचं स्पेलिंग चुकलं तरी टेस्ट गप्प राहते. कॉल_आर्ग्स (मॉकला प्रत्यक्ष काय दिलं गेलं ते) तपासाच.

शिवाय एक टेस्ट मॉकशिवाय ठेवा: टीएमपी_पाथमध्ये (पायटेस्ट देतो तो तात्पुरता फोल्डर) आरसिंक नावाची छोटी शेल स्क्रिप्ट, चालवायची परवानगी देऊन, आणि तो फोल्डर पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) सर्वांत आधी. फोल्डरचं नाव ‘हर्णे बंदर’ असं जागा सोडून द्या; शेल=ट्रूची (कमांड शेलमधून चालवण्याची) गडबड तिथे लगेच उघडी पडते.