३ नो ट्रंप, पक्के हात ८, नववा कुठून काढायचा?

बावन्नपत्ती:
मंडळी, परवा इंदिरानगरला ब्रिजची टीम-ऑफ-फोर (तेच डाव दोन टेबलांवर खेळून तुलना) खेळलो, त्यातल्या एका डावावरून अजून वाद चालू आहे म्हणून इथे टाकतोय.

डमी (जोडीदाराची टेबलावर उघडी पानं): इस्पिक ८ ४, बदाम एक्का राजा ८ २, चौकट राजा ७ ३, किलवर एक्का राजा ६ ४
डिक्लेअरर (दोन्हीकडची पानं खेळणारा): इस्पिक एक्का ६, बदाम राणी ७ ३, चौकट एक्का गुलाम ५ २, किलवर गुलाम ९ ५ ३

बोली साधीच, वन डायमंड, वन हार्ट, वन नो ट्रंप, थ्री नो ट्रंप, म्हणजे हुकुमाशिवाय १३ पैकी ९ हात करायचे. डावीकडून इस्पिकची पंजी उतारी. एक्का गेला की इस्पिक उघडं पडतं, म्हणजे नंतर समोरच्यांना एकदा जरी हात सुटला तरी खेळ संपला. आमच्या टेबलावर काकांनी लगेच डमीवर जाऊन चौकटच्या गुलामाचा फायनेस घेतला (राणी उजवीकडे असेल असं धरून हातातून गुलाम लावला), राणी उजवीकडे होती, झाला गेम. दुसऱ्या टेबलवाल्याने आधी बदाम, मग किलवर ओढले, काहीच पडलं नाही, शेवटी तोच फायनेस, त्याचाही झाला. काका म्हणतात दोघांचे ९ हात, मग फरक काय? मला पटत नाहीये पण नीट मांडता येत नाही.

पंचवटीकर:
फरक आहे आणि मोठा आहे. त्या दिवशी राणी उजवीकडे होती म्हणून दिसला नाही एवढंच. काकांनी ५० टक्क्यांवर गेम लावला.

आता दुसऱ्याचं बघा. बदामची राणी हातातून, मग डमीचा एक्का, राजा. बाहेर ६ बदाम, ते ३-३ असण्याची शक्यता साधारण ३६ टक्के, तसे निघाले तर डमीची अठ्ठी हाच नववा हात. नाही निघाले तरी हात सुटलेला नाही, आपण डमीवरच आहोत. मग किलवरचा एक्का-राजा. बाहेर ५ पानं, राणी एकटी किंवा दोघांतली असली तर पडते, ते साधारण ३३ टक्के. तेही नाही झालं तरच फायनेस. म्हणजे १०० वेळा हा डाव आला तर ३६ वेळा बदामांवर झाला, उरलेल्या ६४ पैकी २१ वेळा किलवरवर, आणि राहिलेल्या ४३ पैकी निम्म्या वेळा फायनेस चालला. बेरीज ७८ च्या आसपास. फायनेस कुठे पळून जात नाही हो, तो शेवटी घेतला तरी तेवढाच चालतो, पण फसला की बाकीचे दोन चान्स बघायलाच मिळत नाहीत!

नाशिकरोडची_ताई:
किलवरऐवजी चौकटचे एक्का-राजा ओढून राणी पाडायची, आणि मग किलवरचा गुलाम चालवायचा, असं का नाही?

पंचवटीकर:
ताई, चौकटची आपल्याकडे ७ च पानं, बाहेर ६, राणी दोन फेऱ्यांत पडायची शक्यता जेमतेम १८-१९ टक्के. किलवरची ८ आहेत म्हणून तिथे ३३. आणि किलवरात खरा फायनेस नाहीच, गुलाम पुढे केला आणि डावीकडच्याने राणी घातली की एक्का द्यावा लागतो, दश्शी बाहेर, मिळालं काय? जिथे पानं जास्त तिथे वरून ओढायचं, जिथे कमी तिथे फायनेस.

डावखोर:
सहमत, एक भर घालतो. बदाम ओढताना कोण काय टाकतंय ते बघा. उजवीकडच्याने तिसऱ्या बदामाला दुसरंच पान टाकलं, तर डावीकडे बदाम ४, इस्पिक उतारी करणारा म्हणून ५ धरा, म्हणजे त्याच्याकडे चौकट-किलवर मिळून फक्त ४ पानं आणि उजवीकडे ७. मग चौकटची राणी उजवीकडे असण्याचीच शक्यता जास्त, तुमचा शेवटचा फायनेस ५० च्या वर गेला. ही माहिती काकांच्या लाइनमध्ये मिळतच नाही. आणि फायनेसच्या आधी डमीचा चौकट राजा ओढा, डावीकडे राणी एकटी असेल तर पडेल, फुकटचं आहे.

बावन्नपत्ती:
हे भारी. काकांचा पुढचा मुद्दा असा येणार की सगळं ओढून बसल्यावर फायनेस फसला तर एकाऐवजी दोन डाऊन (दोन हात कमी) जातं.

डावखोर:
जाऊ शकतं, कारण त्यांचं बदाम नाहीतर किलवर मोठं करून ठेवलेलं असतं. पण टीममध्ये ५०-१०० पॉइंटचा फरक आणि समोर ४०० किंवा ६०० चा गेम, तुलनाच नाही. पेअर्समध्ये (जोड्यांची स्पर्धा, तिथे छोटा फरकही मोजला जातो) ते थोडं टोचतं, तरी मी तिथेही हेच खेळेन, एका जास्तीच्या डाऊनच्या भीतीने २८ टक्क्यांवर पाणी सोडणार नाही.