बालभारती–पौड फाटा जोडरस्ता: कोंडी सुटेल की फक्त पुढे सरकेल?

एरंडवणेकर: पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरून कोथरूडला जायचं तर लॉ कॉलेज रस्ता आणि नळस्टॉप, दुसरी सोयीची वाट नाही. टेकडीच्या अंगाने जाणारा बालभारती–पौड फाटा रस्ता १९८७ च्या विकास आराखड्यापासून कागदावर आहे. लांबी साधारण २ किलोमीटर, रुंदी ३० मीटर. सोसायटीत सरळ दोन तट पडलेत. घोषणा नकोत, हिशोब सांगा: कोंडी किती सुटेल, टेकडीचं काय होईल, आणि हरकत घ्यायची तर कशावर?

सिग्नलवाला: रस्ता किती रुंद हे सगळे विचारतात, टोकाला किती गाड्या सुटतात हे कोणी विचारत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने दुभाजक असलेल्या चौपदरी उपमुख्य रस्त्याची क्षमता ताशी २९०० पीसीयू (सगळी वाहनं कारच्या मापात मोजायचं एकक), म्हणजे एका दिशेला १४५०. आता पौड फाट्याकडच्या टोकाचा चौक घ्या. ७ मीटर रुंद तोंडातून सलग हिरवा दिवा असेल तर, रुंदीच्या दर मीटरला ५२५ धरून, ताशी ५२५ × ७ = ३६७५ पीसीयू निघतात. समजा सिग्नलच्या १२० सेकंदांच्या फेरीत या बाजूला ३० सेकंद मिळाले, तर निघणार साधारण ९२०. उरलेले ५३० दोन पदरांत, प्रत्येकी ६ मीटर धरून उभे केले तर तासाभरात जवळपास १.६ किलोमीटरची रांग! हिरवा वाढवायचा तर तो कर्वे रस्त्याच्या वाट्यातून काढावा लागेल, आणि तिथे आधीच काय शिल्लक आहे?

पौडरोडकर: गणित बरोबर, पण १४५० येतीलच हे गृहीत धरलंय. लॉ कॉलेज रस्त्यावरची सगळी वर्दळ कोथरूडची नसते. प्रभात रोड, भांडारकर रोड, डेक्कनकडे वळणारे बरेच. ते नव्या रस्त्यावर कशाला येतील? त्यासाठी नंबरप्लेट मोजणी करा. सध्याच्या वाटेच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करून संध्याकाळी ६ ते ८ प्लेटचे शेवटचे चार आकडे आणि मिनिट लिहायचं, नंतर जुळवायचं. मध्येच थांबलेल्या गाड्या जास्त वेळ घेतात, त्या वगळा. दुचाकी वेगळ्या मोजा, पुण्यात त्याच आकडा फिरवतात. माझा रस्त्याला पाठिंबा आहे, पण ही मोजणी न दाखवता रेटला तर नाही.

खडकपाणी: टेकडीचा मुद्दा फक्त झाडांपुरता नाही. बेसॉल्टच्या थरांत घट्ट पाषाण पाणी अडवतो. सच्छिद्र, झिजलेल्या आणि भेगाळ थरातून ते मुरतं. उतार कापताना असा थर उघडा पडला की पाणी खाली विहिरी-बोअरकडे न जाता कापलेल्या भिंतीतून पाझरतं आणि गटाराला लागतं. शिवाय वरून पसरून येणारं पावसाचं पाणी रस्ता अडवतो, मग ते दोन-चार मोऱ्यांतून जोराने एकाच जागी खालच्या सोसायट्यांवर पडतं. कापाच्या माथ्यावर चर आणि जागोजागी मोऱ्या नसतील तर पहिल्याच पावसाळ्यात दगडमाती रस्त्यावर. ‘रस्ता खांबांवर उचलू’ हेही पुरं उत्तर नव्हे. पाया खणायला यंत्रं टेकडीवर चढवायला तात्पुरता रस्ता लागतोच, आणि तो तात्पुरता कधीच राहत नाही.

एरंडवणेकर: काही जण म्हणतात, इतकी वर्षं झाली, रस्त्यासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण आपोआप रद्द झालं.

नियमावली: आपोआप काही होत नाही. नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली दहा वर्षांनंतर जागेच्या मालकाने किंवा त्या जागेत हितसंबंध असणाऱ्याने नोटीस द्यायची, मग २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण जातं. फिरायला येणाऱ्यांना तो अधिकार नाही. आखणीत किरकोळ बदल केला तर कलम ३७ खाली हरकती मागवाव्या लागतात, तिथे लिहा. झाडतोडीची हरकत वेगळी: नोटीस लागली की झाडाचा क्रमांक, जात आणि बुंध्याचा घेर देऊन. ‘झाडे वाचवा’ एवढंच लिहिलं तर सुनावणी दोन मिनिटांत उरकते.

आत्ता करायचं काम म्हणजे माहिती अधिकार अर्ज, फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून दोन अर्ज करा: एकात दोन्ही टोकांच्या चौकांची वाहनमोजणी आणि सिग्नलचं नियोजन, दुसऱ्यात पाण्याच्या निचऱ्याचे नकाशे. ‘प्रकल्पाची सर्व माहिती’ असं मागू नका, नुसतं ‘कार्यालयात येऊन पाहावे’ असं उत्तर येतं.

सिग्नलवाला: मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांची मागा. दिवसभराच्या सरासरीत कोंडी दिसत नाही.