झिरझिरीत तुऱ्यांची गवतं: पानं मायंदाळ, तुरे नावाला

मातकटहात:
बागेच्या पश्चिमेच्या भिंतीलगतचा लांबट वाफा मी फक्त गवतांसाठी ठेवलाय. पंपास नको, त्याचे झुपके मला उलट्या उभ्या केलेल्या केरसुण्या वाटतात (चाहत्यांनी रागावू नये). मला हवेत बारीक, विरळ तुरे, ज्यांच्या आरपार मागचं दिसतं. सध्या फाउंटन ग्रास आणि डेशांप्सिया आहे. ठोंब दणदणीत झालेत, पण तुरे मोजकेच, आणि एक सर आली की तेही आडवे. ऊन सकाळचं, दुपारनंतर भिंतीची सावली. शेजारच्या गुलाबांना शेणखत देते तेव्हा यांनाही देते. अजून काय घालू?

काडीमोड:
काहीच घालू नका. आहे तेही बंद करा.

नत्र जास्त झालं की गवत पानांवर उधळतं, काड्या लुसलुशीत होतात आणि पावसात ठोंब मधोमध फाटून चारी बाजूंना लोळतो. निचऱ्याच्या, जरा उपाशी मातीत काडी कणखर होते.

दुसरं, फाउंटन ग्रास उष्ण हंगामाचं गवत आहे. त्याला दिवसभर ऊन लागतं, ते तिथून हलवा. डेशांप्सिया अर्ध्या सावलीत खूश असतं, फक्त मुळाशी ओल हवी. फाउंटनच्या जागी मोलिनिया गवताचा 'ट्रान्स्परंट' वाण बघा. काड्या पाच-सहा फूट जातात, पण इतक्या विरळ की पुढच्या ओळीत लावलं तरी मागचं झाकत नाही. वाफ्याच्या जास्त उन्हाच्या टोकाला ब्रायझा मॅक्सिमाचं बी टाका. एकाच हंगामाचं गवत आहे. फुगीर, चपटी कणसं बारीक देठांवर लोंबतात आणि वारा जाणवत नसतानाही थरथरतात. माझ्या मते याच्या तोडीचं दुसरं गवत नाही.

आणि ताई, वाफ्यापेक्षा बाकड्याचा विचार करा. हे तुरे मागून तिरपं ऊन आलं तरच उजळतात. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पाहता तेव्हा सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येतं, म्हणजे तुरे विझलेलेच दिसणार. वाफा थोडा पुढे सरकवून बाकडं भिंतीला टेकवा आणि तिथून पूर्वेकडे पाहा.

बी_बियाणे:
थोडा खोडा घालतो. फाउंटन हलवताना कुठे नेताय ते बघा. पेनिसेटम सेटेसियम (हेच ते फाउंटन ग्रास) हवाईत लाव्हाच्या माळांवर पसरलंय आणि वणव्याला जळण पुरवतं. युरोपीय संघाने 2017 मध्ये ते आक्रमक प्रजातींच्या यादीत घातलं. नासेला टेन्युइसिमा हे आणखी एक शोभेचं गवतही तसंच: दिसायला गोड, पण कुसळं जनावरांच्या केसांत अडकून दूरवर जातात. बागेपलीकडे माळरान असेल तर ही दोन्ही नकोतच. फाउंटनचं लाल पानांचं 'रुब्रम' सहसा बी धरत नाही, तेवढं चालेल.

मातकटहात:
बाकड्याचं खरंच डोक्यात आलं नव्हतं! भिंतीपाशी जागा आहे. बी_बियाणे, पलीकडे मोकळं रानच आहे, तेव्हा फाउंटन काढतेच. आता कापणीचं सांगा. वाळलेले तुरे मला आवडतात, ब्रायझा फुलदाणीतही हवंय.

काडीमोड:
फुलदाणीसाठी तुरा हिरवट असतानाच कापा, जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगा. पिकल्यावर कापलात तर घरभर भुसा.

मोलिनियाच्या काड्या थंडीत आपोआप बुडाशी सुटतात, हाताने गोळा केल्या तरी पुरे. डेशांप्सियाला मात्र भादरू नका, ते बऱ्यापैकी हिरवं राहतं. नवे कोंब दिसायच्या सुमारास जुन्या तुऱ्यांच्या काड्या छाटा आणि वाळकी पानं बोटांनी विंचरून काढा. हातमोजे घाला, पात्यांच्या कडा कापतात.

बी_बियाणे:
आणि फाउंटनचे तुरे ठोंब उपटायच्या आधी पिशवीत कापून घ्या, नाहीतर ओढताना सगळं बी तिथेच झडेल.