वाळू फिल्मवर काढा, माणसं नको

उन्हाळी:
मोरोक्कोहून येऊन दोन महिने झाले. फिल्म कॅमेरा आणि त्याचे अकरा रोल नेले होते, नऊ संपवले. ते धुऊन, स्कॅन होऊन आले आणि परवा रात्री सगळे फोटो एका बैठकीत ओळीनं पाहिले. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. इथं मांडतो, हवं तितकं झोडपा.

वाळवंट फिल्मवर काढावं. पण वाळवंटाच्या काठावरच्या गावांतली, बाजारांतली माणसं आजच्या घडीला फिल्मवर काढू नयेत.

वाळूचं आधी सांगतो. मेर्झूगाजवळच्या एर्ग शेब्बीच्या टेकड्यांवर सूर्य वर आला की टेकडीच्या धारेची एक बाजू पेटल्यासारखी होते, दुसरी निळ्या सावलीत असते. हे टिकतं अगदी थोडा वेळ. ऊन चढलं की सगळं सपाट, पिठासारखं. तेवढ्या वेळात मी सहा फोटो काढले, आणि सहाच्या सहा बरे आले. रंगीत निगेटिव्हला उजेड जरा जास्त झालेला सोसतो. वाळूवरच्या बारीक लाटा त्यात शिल्लक राहतात. डिजिटलमध्ये उजळ भाग एकदा पांढरा फुटला की फुटला, त्यातलं काही परत मिळत नाही.

आता माणसांचं. फेझ शहरात सफ्फारीन नावाचा चौक आहे, तिथं तांब्याची भांडी घडवतात. सगळीकडून ठोकाठोकीचा आवाज. एक तरुण मुलगा परात ठोकत होता. अंगात फुटबॉलची लाल जर्सी, शेजारच्या फळीवर चार्जिंगला लावलेला मोबाइल. मी विचारलं, त्यानं मान डोलावली, मी दोन फोटो काढले. त्यातला चांगला आलेला बहिणीला दाखवला तर म्हणाली, "हा कुठल्या साली काढलेला?" जर्सी सावलीत गेलीय, मोबाइल परातीमागे गेलाय, उरलेल्या फोटोवर तो फिल्मचा उबदार पिवळेपणा. मी काही मुद्दाम लपवलं नव्हतं. किंवा लपवलंही असेल, डोळा आपोआप ते करतो.

वाळूला वय नसतं, तिला जुनं दाखवलं तरी तिचं काही बिघडत नाही. त्या मुलाचं बिघडतं. तो माझ्याच काळात जगतोय आणि मी त्याला आजोबांच्या अल्बममध्ये नेऊन बसवला.

शिवाय दुसरी गोष्ट. फोटो काढल्यावर त्यानं हात पुसले आणि कॅमेरा मागितला. उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथं स्क्रीन नाही, फक्त रोलच्या खोक्याचा फाडून खोचलेला तुकडा. त्यानं बोटानं त्या तुकड्यावर टकटक केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला काय सांगावं कळेना.

बिनस्क्रीन:
असहमत. अगदी मुळापासून.

फोटो "जुना" दिसला तो तुम्ही उभे जिथं राहिलात त्यामुळे. दोन पावलं डावीकडे सरकला असता तर मोबाइल दिसला असता. दोष पायांचा, आणि ठपका बिचाऱ्या रोलवर!

छायाचित्रकार रघुवीर सिंग यांचं काम आठवा. जयपूरचा माणूस, राजस्थान आयुष्यभर पाहिलेला, सगळं काम रंगीत फिल्मवर. त्यांच्या चौकटीत काय नाही? खांब, आरसे, पाट्या, अर्धी कापलेली माणसं, आणि शेवटच्या काळात तर अ‍ॅम्बॅसडर गाडीच्या दाराकाचांतून दिसणारा देश. उंट असला तरी तो गाडीच्या आरशात. त्या फोटोंतली माणसं कुणाला अल्बममधली वाटत नाहीत.

आणि सहाराच्या दक्षिणेला मालीची राजधानी बामाको. तिथं १९६० च्या दशकात मालिक सिदिबे तरुण पोरापोरींच्या नाचाच्या पार्ट्या टिपायचे. रात्रभर हिंडायचं, पहाटेपर्यंत रोल धुवायचे, छोटे प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवून स्टुडिओबाहेर लावायचे. मग मुलं येऊन आपापला फोटो शोधायची आणि मोठा प्रिंट मागवायची. मोटरसायकल, गॉगल, हातात रेकॉर्ड. त्याहून "आजचं" काय असणार होतं? २००७ मध्ये व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनानं त्यांना जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह दिला. फिल्म माणसाला जुनं करत असती तर सिदिबेंची माणसं अशी झळकली नसती.

रेतीघड्याळ:
मला धागाकर्त्यांचा पहिला अर्धाच मान्य नाही. माणसांवर नंतर भांडू. वाळवंटात फिल्म नेणं हाच मुळात हौसेचा मामला आहे.

माझा अनुभव सांगतो. संध्याकाळी वारा सुटलेला असताना रोल बदलला. पाठ वाऱ्याकडे, जॅकेटच्या आत कॅमेरा, सगळी काळजी घेतली. रोल संपल्यावर रिवाइंड करताना बोटांना हलकी करकर जाणवली. आवाज नाही, नुसती बोटांना. तेव्हाच पोटात गोळा आला. रोलच्या डबीच्या तोंडाला जी मखमली पट्टी असते तिच्यात वाळूचा एक कण अडकला होता. धुऊन आला तेव्हा अकरा फोटोंच्या आकाशातून एक सरळ रेघ, पट्टीनं मारावी तशी. आकाशातच का? कारण वाळवंटाच्या फोटोत अर्धं आकाशच असतं.

हवा कोरडी असेल तर घाईनं रिवाइंड करू नका, हेही जाता जाता. फिल्मवर स्थिर विजेच्या ठिणग्या उमटतात, निगेटिव्हवर झाडाच्या मुळांसारखे फाटे दिसतात. आणि रोल गाडीत उन्हात ठेवलेत की रंगांचं काय होईल ते विचारू नका.

परतीच्या वाटेवर विमानतळ. आता हातातल्या सामानासाठीही बऱ्याच ठिकाणी सीटी स्कॅनर आलेत. जुन्या क्ष-किरण यंत्रांतून कमी आयएसओची, म्हणजे उजेडाला कमी संवेदनशील फिल्म सहसा सुखरूप जायची, यातून जात नाही. कोडॅक स्वतः सांगतं की यातून फिल्म नेऊ नका, हातानं तपासणी मागा. मी मागितली. समोरचा माणूस हसला आणि ट्रे ढकलला.

तुमचे सहाच्या सहा फोटो बरे आले, ते नशीब. पद्धत म्हणून सांगू नका.

उन्हाळी:
@रेतीघड्याळ, नशिबाचा भाग मान्य. पण मी रोल तंबूतच बदलत होतो, चेंजिंग बॅगेत हात घालून. बॅग अंधारासाठी असते, मी वाळूसाठी वापरली. विमानतळावर मात्र मला माणूस भला भेटला.

@बिनस्क्रीन, दोन पावलांचं खरंय. ते मला लागलंय, नंतर उत्तर देतो.

पाटीपेन्सिल:
अवांतर विचारतो, राग मानू नका. वाळवंटात लाइट मीटरवर विश्वास ठेवता का? माझे सगळे टेकड्यांचे फोटो मळकट येतात.

रेतीघड्याळ:
मीटरला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. उजळ वाळू दिसली की तो ती करडी करायला बघतो, म्हणून उजेड कमी देतो, म्हणून मळकट. एक ते दीड स्टॉप उजेड जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). नाहीतर मीटर खिशात ठेवा आणि जुना नियम धरा: लख्ख ऊन, भिंगाचं छिद्र एफ १६, शटरचा वेग एक भागिले आयएसओचा आकडा. १०० ची फिल्म असेल तर १/१००, कॅमेऱ्यावर १/१२५ असेल ते चालतं. वाळूवरून उजेड फार उसळत असेल तर एफ २२, म्हणजे छिद्र आणखी लहान. स्लाइड फिल्म असेल तर मात्र जपून, तिथं अर्धा स्टॉप चुकला तरी कळतं.

बघा, फिल्मवाल्यांना शिव्या घालता घालता मीच शिकवणी घेतोय.

ग्रेनवाली:
मी उन्हाळींच्या बाजूनं. त्यांनी ते जरा गुळमुळीत मांडलंय, मी सरळ मांडते.

ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिजरनं १९४६ ते १९४८ च्या दरम्यान दोनदा अरबस्तानचं रब अल खाली हे वाळवंट उंटावरून ओलांडलं. लाइका कॅमेरा, शेळीच्या कातड्याच्या पिशवीत, वाळू आत जाऊ नये म्हणून. त्याच्या निगेटिव्ह, अडतीस हजारांच्या आसपास, आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. अप्रतिम फोटो आहेत, त्यावर वाद नाही. पण त्याला मोटारींचा राग होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही. १९७७ मध्ये तो परत गेला तेव्हा तिथल्या लोकांकडे गाड्या, घरं, दवाखाने आले होते आणि हा माणूस हळहळला. त्याचे सोबती सुखात होते, हळहळ फक्त फोटो काढणाऱ्याला!

आज आपण फिल्म घेऊन वाळवंटात जातो तेव्हा ती हळहळ आपल्या बॅगेत आधीच भरलेली असते. तरुण मुलगी स्कूटरवरून गेली की आपण कॅमेरा खाली करतो, म्हातारा गाढव घेऊन आला की वर करतो. डिजिटलवाला निदान दोन्ही काढतो, त्याला फुकट पडतं. रोलमध्ये छत्तीसच. आणि मोजकेच असले की माणूस आपल्या मनात आधीपासून असलेलंच चित्र काढतो.

फेझचाच दाखला देते. चौवारा टॅनरीत कातडी कमावणारी माणसं रंगाच्या कुंडांत मांडीपर्यंत उभी. वरच्या गच्च्यांवर आपण, नाकाशी वास मारायला दिलेली पुदिन्याची काडी, दुसऱ्या हातात कॅमेरा. वरून खाली. त्या फोटोंत कुणाचा चेहराच नसतो, टोप्या आणि पाठी. मीही काढलेत. माझ्या भिंतीवर आहे एक. पाहुणे "पेंटिंग आहे का" विचारतात आणि मला आधी बरं वाटायचं.

बिनस्क्रीन:
छत्तीसचा मुद्दा उलटाही फिरतो ना. मोजकेच असतात म्हणूनच मी विचारतो, बसतो, बोलतो. स्क्रीनवाला फोटो काढतो, दाखवतो, "छान छान" म्हणतो, निघतो. दाखवणं ही त्याची सुटका असते. माझ्याकडे दाखवायला काही नसतं म्हणून मला थांबावं लागतं.

टॅनरीबद्दल सांगायचं तर गच्चीवरून फोनवर काढलेल्या फोटोतही चेहरे नसतात. गच्ची बदला की.

चष्मेवाला:
उशिरा आलो. दोन्हीकडून एक गोष्ट सुटतेय असं वाटतं: फिल्मचा रंग "जुना" का वाटतो?

कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म १९३५ मध्ये आली, २००९ मध्ये बंद झाली, आणि २०१० च्या अखेरीस ती धुणारी जगातली शेवटची लॅबही थांबली. मधल्या काळात वाळवंट, पगड्या, बाजार हे सगळं जगानं मासिकांतून बहुतांशी तिच्याच रंगांत पाहिलं. तेव्हा ते रंग मुळीच जुने नव्हते, ते त्या काळचे सर्वांत नवे, सर्वांत खरे रंग होते. ती संपली आणि रंगांना वय चिकटलं. म्हणजे उन्हाळींच्या बहिणीनं त्या मुलाचं साल विचारलंच नाही. तिनं रंगाचं साल विचारलं.

म्हणून सिदिबेंचा दाखला मला इथं लागू वाटत नाही, @बिनस्क्रीन. १९६० मध्ये फिल्म हीच एक वस्तू होती, निवड नव्हती. आज फिल्म घेणं ही निवड आहे आणि पाहणाऱ्याला ती दिसते.

तिसरा_डोळा:
सगळं मान्य, पण निगेटिव्ह म्हणजे पुरावा, हे कुणी बोलतच नाही. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीचं २०१६ मध्ये काय झालं? क्यूबातल्या एका फोटोत फोटोशॉपची ढोबळ चूक कुणाच्या तरी नजरेत आली, मग लोकांनी इतर फोटोही तपासले, माणसं आणि वस्तू गायब झालेल्या निघाल्या. मग त्यांनी सांगितलं की मी दृश्यकथा सांगणारा आहे. रस्त्यावरची माणसं काढायची तर निगेटिव्ह हवी. तीत कुणी गायब होत नाही.

चष्मेवाला:
गायब होत नाही? न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा चंद्रोदयाचा फोटो घ्या, १९४१ चा. घाईत लाइट मीटर सापडेना, चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, तिच्यावरून हिशेब केला आणि एकच फोटो मिळाला. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश फिकट आहे, ढग आहेत. पुढच्या काळातल्या प्रिंट्समध्ये आकाश जवळजवळ काळं. आणि १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचाच खालचा भाग रसायनात घालून घट्ट करून घेतला. तुमचा "पुरावा" असा डार्करूममध्ये घडतो. वाईट केलं असं मी म्हणत नाही, फोटो थोर आहे. पण साक्षीपुरावा वगैरे म्हणू नका.

तिसरा_डोळा:
आकाश गडद करणं आणि माणूस पुसणं यात फरक आहे हो.

चष्मेवाला:
आहे. तेवढा मान्य.

उन्हाळी:
@बिनस्क्रीन, तुमच्या दोन पावलांमुळे काल रात्री परत निगेटिव्ह काढल्या. मी दोन फोटो काढले होते असं लिहिलंय ना वर? दुसरा मी स्कॅनमध्ये पाहून सोडून दिला होता, फोकस हुकलाय म्हणून. त्यात मुलगा मान वर करून हसतोय, जर्सी उन्हात आलीय, आणि फळीवरचा मोबाइल अगदी स्वच्छ, वायरसकट. फोकस नेमका मोबाइलवर बसलाय. तो नीट दिसतो, मुलगा जरासा धूसर.

तेव्हा म्हणणं थोडं बदलतो. फिल्म नको असं नाही. पण नऊ रोलमधून कोणते फोटो मी "चांगले" म्हणून वेगळे काढले, ते पाहून मला माझीच लाज वाटली. ग्रेनवालीताई, तुमची स्कूटर माझ्याही रोलमध्ये एकदाच आहे, आणि तीही बाजूला काढलेली.

ग्रेनवाली:
त्या मुलाला प्रिंट पाठवलीत का?

उन्हाळी:
पत्ता घेतला नाही. नावही विचारलं नाही. इतकं सगळं लिहिलं आणि मूळ गोष्ट ही.

बिनस्क्रीन:
मी पुढच्या महिन्यात फेझला आहे. प्रिंट द्या, नेऊन देतो. दोन्ही द्या, धूसरही. खूण सांगा.

उन्हाळी:
खरंच? उद्याच टाकतो प्रिंटला. दुकानाला पाटी नाही. चौकात परातींची उतरंड रचलेली दिसेल, तिच्या शेजारी, आतल्या बाजूला तो बसतो. लाल जर्सी.

बिनस्क्रीन:
अहो, जर्सी बदलली असेल.